वीज गेल्यावर माशांच्या टाकीचा सम्प (पाणी गाळणारी खालची टाकी) भरून पाणी सांडते. सम्पमधले पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाचे पाइपिंग कसे करावे?

आपली टाकी आतून १२० बाय ४५ सेंटिमीटर आहे, सम्प ७५ बाय ३५ सेंटिमीटरचा असून खाली कपाटात आहे, आणि रिटर्न पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीखाली १० सेंटिमीटरवर सोडलेले आहे, असे आपण लिहिले आहे. सांडण्याचे कारण या शेवटच्या आकड्यात आहे. पंप बंद पडताच तोच पाइप सायफन होतो आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी खाली ओढत राहतो. आपल्या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर, १० सेंटिमीटरचे झाले ५४ लिटर. एवढे पाणी आपल्या सम्पमध्ये जवळपास २० सेंटिमीटर चढते, आणि तेवढी जागा बहुतेक सम्पमध्ये मोकळी नसते.

म्हणून पाइपचे तोंड पातळीखाली एक-दीड सेंटिमीटरवरच ठेवा. ते खोलच हवे असेल, तर पाइपला पातळीच्या किंचित खाली ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र पाडा. पातळी छिद्राखाली गेली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. छिद्रात शेवाळ धरते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ते दात कोरायच्या काडीने साफ करावे लागते.

पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवण्याचा सल्ला आपल्याला दुकानात मिळेल. मी पहिले वर्षभर त्याच्याच भरवशावर होतो. एका पहाटे वीज गेली आणि मला जाग आली तेव्हा कपाटाखालची सतरंजी चिंब झालेली होती. व्हॉल्व्ह उघडला, तर झडपेच्या कडेला भाताच्या शिताएवढी गोगलगाय अडकलेली होती. तेवढ्या फटीतून पाणी उतरत राहिले होते. व्हॉल्व्ह लावायला हरकत नाही, पण सम्पमधली मोकळी जागा मात्र तो नाहीच असे धरून मोजा.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पातळीपर्यंतची उंची मोजा, कंपनीच्या आलेखावर त्या उंचीला पंप किती पाणी देतो ते पाहा, आणि पाइप व एल्बो (वळणाचे जोड) यांतील घर्षणासाठी त्यातून आणखी थोडे वजा करा. गोड्या पाण्याच्या टाकीला ताशी टाकीतल्या पाण्याच्या चार-पाच पट प्रवाह पुरतो. टाकीतून सम्पमध्ये येणारा ओव्हरफ्लोचा पाइप जेवढे पाणी निर्धास्तपणे उतरवू शकतो, त्याहून जास्त पाणी वर चढवू नका.

पंपाचे तोंड २० मिलिमीटरचे असेल, तर पुढचा पाइप २५ मिलिमीटरचा घ्या. घर्षण बरेच घटते. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावले तर प्रवाह कमी अडतो. पंप आणि कडक पीव्हीसी पाइप यांच्यामध्ये वीतभर मऊ सिलिकॉन नळी घाला, म्हणजे पंपाची घरघर कपाटाच्या लाकडात उतरत नाही. त्यावर युनियन (हाताने खोलता येणारा जोड) आणि मग बॉल व्हॉल्व्ह असा क्रम ठेवा. पंप धुवायला काढताना युनियनची किंमत कळते. प्रवाह कमी करायचा तर या व्हॉल्व्हनेच करा, पंपाचे पाणी ओढणारे तोंड कधीही अडवू नका. पितळी जोड टाळा, कारण तांब्याचा अंश कोळंबी आणि गोगलगाईंना घातक ठरतो. सोल्युशन लावलेले सांधे दिवसभर वाळू द्या आणि पाइप आतून धुऊन मगच मासे असलेल्या टाकीला जोडा.

पाणी भरल्यावर पंप बंद करून सायफन तुटेपर्यंत थांबा. सम्पमधली पातळी काठाच्या खाली निदान चार-पाच सेंटिमीटरवर थांबली पाहिजे. तशी थांबत नसेल तर सम्पमधले पाणी काढून कमी करा. मग पंप पुन्हा सुरू करा आणि पातळी स्थिरावली की रिटर्नच्या, म्हणजे पंप असलेल्या, कप्प्यावर मार्करने रेघ ओढा. बाष्पीभवनाने पाणी याच कप्प्यात घटते, त्यामुळे रोजची भर इथेच घालायची असते. पंप चालू असताना त्या रेघेच्या वर एक तांब्याही ओतू नका.