प्रेशर व्हेसलचं (दाबाखालचा वायू किंवा द्रव ठेवायच्या टाकीचं) डिझाइन नॉलेज-बेस्ड सिस्टीमने (तज्ज्ञाचे नियम वापरून निर्णय घेणाऱ्या संगणक प्रणालीने) ऑटोमेट करायचं तर सुरुवात कुठून करावी?

दर ऑर्डरला तेच शेल (मधलं नळकांडं), तेच डिश एंड (टोकांची वाटीसारखी झाकणं), फक्त आकडे वेगळे, म्हणून तुम्ही कॅडमध्ये पॅरामेट्रिक मॉडेल (आकडे बदलले की आकार बदलणारं) करायला घेतलंय. मॉडेल थोडं बाजूला ठेवा, आधी नियम लिहून काढा. सूत्रं डिझाइन कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, छापलेलीच आहेत. अनुभवी डिझायनरचं कसब दिसतं ते सूत्रानंतरच्या निर्णयात.

समजा, आतला व्यास १५०० मिमी, डिझाइन प्रेशर १ मेगापास्कल, प्लेट एसए-५१६ ग्रेड ७० (अलाउएबल स्ट्रेस, म्हणजे धातूवर चालणारा ताण, १३८ मेगापास्कल), करोजन अलाउन्स (गंजासाठी ठेवलेली जादा जाडी) ३ मिमी. एएसएमई (अमेरिकेतली मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था) कोडच्या सेक्शन ८, डिव्हिजन १ प्रमाणे शेलची जाडी = प्रेशर × त्रिज्या ÷ (स्ट्रेस × जॉइंट एफिशियन्सी − ०.६ × प्रेशर), वर करोजन अलाउन्स. त्रिज्या इथे ७५३ घ्यायची, म्हणजे गंजून झाल्यावरची. ७५० घेतलेली एक्सेल शीट सर्रास सापडतात.

जॉइंट एफिशियन्सी म्हणजे वेल्डचा जोड किती भरवशाचा धरायचा तो गुणांक, आणि तो वेल्डचे एक्स-रे किती काढले त्यावर ठरतो. स्पॉट रेडिओग्राफीला (ठरावीक ठिकाणचेच एक्स-रे) एफिशियन्सी ०.८५, जाडी येते ९.४५, म्हणजे १० ची प्लेट. फुल रेडिओग्राफीला १.०, जाडी ८.४८, तरी प्लेट १० चीच! शेलपुरता तो जादा खर्च पाण्यात. रेडिओग्राफीच नको म्हटलं तर ०.७०, जाडी १०.८४, म्हणजे १२ ची प्लेट. जाणकार हे पाहताक्षणी सांगतो. सिस्टीमनेही तिन्ही पर्याय बाजारात मिळणाऱ्या प्लेटपर्यंत नेऊन प्लेट आणि फिल्मचा खर्च शेजारी मांडायला हवा. लीथल सर्व्हिस (आत जीवघेणा विषारी वायू किंवा द्रव) असेल तर मात्र फुल रेडिओग्राफी सक्तीची, तिथे ही तुलना बंद.

प्रत्येक नियमाशेजारी तो कुठून आला आणि कुठवर चालतो हे लिहाच. वरचं सूत्र जाडी त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त झाली किंवा प्रेशर ०.३८५ × स्ट्रेस × एफिशियन्सीच्या वर गेलं की लागू पडत नाही. अशा वेळी सिस्टीमने थांबून काम माणसाकडे पाठवावं. हद्दीबाहेरचा आकडा मुकाट्याने छापणारी सिस्टीम नसलेली बरी.

नियम प्रोग्रामच्या कोडमध्ये पुरू नका, वेगळ्या तक्त्यात ठेवा. डीईसी कंपनीच्या व्हॅक्स संगणकांची जुळणी ठरवणारी एक्सकॉन ही अशीच नियमांवर चालणारी सिस्टीम जॉन मॅकडरमॉट यांनी कार्नेगी मेलनमध्ये १९७८ साली बांधायला घेतली. पुढे नियम हजारोंच्या घरात गेले आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं.

युनिट इनपुटलाच पक्कं करा. आपल्याकडे डेटाशीटवर प्रेशर बहुतेकदा किलो प्रति चौ. सेंमी मध्ये असतं. तो १० चा आकडा मेगापास्कलच्या रकान्यात गेला तर प्रेशर दहापट होतं.

आता कॅड. नोझल (पाइप जोडायचं तोंड) शेलच्या कडेवर किंवा फेसवर बांधू नका, डेटम प्लेन (मॉडेलमधलं न बदलणारं संदर्भ-प्रतल) आणि अक्षावर बांधा. एखादं मॅनहोल मॉडेलमध्ये सप्रेस केलं (तात्पुरतं बंद केलं) की फेसची ओळख बदलते आणि नोझल लटकतं. नोझल वेल्ड सीमवर (प्लेटच्या वेल्ड केलेल्या जोडावर) येतंय का, हाही नियमच.

चाचणीसाठी मंजूर झालेली जुनी कामं घ्या, त्यांत एक-दोन विचित्र हवीतच. उत्तर जुळलं नाही तर लगेच नियम बदलू नका. ते ड्रॉइंग करणाऱ्याला विचारा. पुष्कळदा प्लेट स्टॉकमध्ये होती किंवा रोलिंग मशीनची मर्यादा होती, असं काही निघतं, आणि तो तुमचा पुढचा नियम असतो.