फिलाडेल्फियाला येण्याआधी: चर्चमधल्या त्या गटाबद्दल

सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न असा: नर्सिंगची नोकरी घेऊन तू नगरहून फिलाडेल्फियाला येतेयस. इथल्या एपिस्कोपल चर्चच्या पाळकबाईंनी पहिल्याच ईमेलमध्ये कळवलं की वंशभेदावर बोलणारा एक छोटा गट सुरू होतोय, याल का? नवरा म्हणतो, आल्या आल्या दुसऱ्यांच्या भांडणात कशाला पडायचं. मावशी, तुमचं मत काय?

माझं मत, जा. पण काही गोष्टी आधी माहीत असू देत.

चर्चचं आधी सांगते. आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अँग्लिकन परिवारातली, एपिस्कोपल चर्चही त्याच परिवारातलं, त्यामुळे तिथे प्रभुभोजनाला तुला कुणी अडवणार नाही. नगरच्या मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या, काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते, अशा) वळणाच्या. त्या घराण्यातलं चर्च म्हणजे इथलं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट. दोन्हीकडे जाऊन बघ.

तुला बोलावलंय तो गट बहुतेक ‘सेक्रेड ग्राउंड’चा असणार. एपिस्कोपल चर्चने २०१९मध्ये ही मालिका सुरू केली. माहितीपट बघून, नेमून दिलेलं वाचून यायचं आणि मग वर्तुळात बसून बोलायचं. आमच्या गटात दहा जण होतो, दर दोन आठवड्यांनी भेटायचो. आपल्या घरसभेची सवय घेऊन जाऊ नकोस. गाणी नाहीत, उपदेश नाही. ज्याने त्याने स्वतःबद्दल बोलायचं, तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही आणि दुसरा बोलत असताना सल्ला द्यायचा नाही. कुणी रडलं तरी लगेच उठून समजूत काढायची नाही. मला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं, तुलाही जाईल.

दुसरी गोष्ट. ही मालिका सगळ्यांना खुली असली तरी ती मुख्यतः गोऱ्या लोकांनी आपसात खरं बोलावं यासाठी बांधलेली आहे. आमच्यात आठ गोरे होते, एक निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका आणि मी. अशा वर्तुळात आपल्याला एक फार सोयीची खुर्ची मिळते, पाहुण्याची. ना अपराधी, ना पीडित. मी तीन बैठका त्या खुर्चीवर बसले. “तुम्ही कोणत्या वंशाचे हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?” असा प्रश्न आला, तेव्हा मी सरळ सांगितलं, आमच्याकडे वंशभेद नाही. शब्दशः खरं आणि पूर्ण खोटं. माझी आजी महारवाड्यात जन्मली, पाटलाच्या विहिरीपासून दूर घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा ओतेल. हे मी इथे वीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. गोऱ्यांना कळणार नाही म्हणून, आणि इथल्या मराठी लोकांना कळेल म्हणून.

चौथ्या बैठकीत सांगितलं. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली होती, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, हेही सांगितलं. एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांचे डोळे भरले, मला मिठ्या मारल्या. घरी परतताना मला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षिकेचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमच्यावर काय झालं ते काल ऐकलं. इथे आल्यावर तुम्ही कोणाच्या बाजूला राहायला गेलात?”

त्यांचा प्रश्न घराबद्दल होता. आणि घर तुलाही शोधायचंय, म्हणून हे नीट वाच. तुला प्रत्येक जण सांगेल, “चांगली शाळा बघून घर घ्या.” इथल्या सरकारी शाळांना मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून मिळतो. जिथे घरं महाग, तिथे शाळा श्रीमंत. आणि घरं कुठे महाग झाली? १९३०च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. फिलाडेल्फियाचाही तसा नकाशा आहे. घर घेताना-विकताना भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९६८मध्ये, पण तोपर्यंत एका बाजूच्या घराण्यांनी तीस-पस्तीस वर्षं भिंतींत पैसा साठवला होता. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने २०२३मध्ये शाळांना पैसा देण्याची ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. मी मुलासाठी ‘चांगली शाळा’ निवडली तेव्हा यातलं काहीही विचारलं नव्हतं. गावकुसाबाहेरच्या घरातून आलेली मी, इथे विचार न करता गावकुसाच्या आत जाऊन बसले. तू उपनगरात घर घेऊ नकोस असं म्हणत नाही. लेकीची शाळा बघायचीच. पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून, ब्रॉड स्ट्रीटवरून जाताना गाडीची दारं आपोआप लॉक करणारा हात आपला असतो, तो बघायला शीक.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं, ते. ज्या अमेरिकन बोर्डाने, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेने, नगरला मिशन काढलं, सिंथिया फेरार बाईंना पाठवलं, ज्यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली, त्याच बोर्डावर त्याच काळात अमेरिकेत गुलामगिरीवरून वाद पेटला होता. गुलामांच्या मालकांच्या देणग्या घ्यायच्या का? चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांमधल्या मिशनच्या मंडळ्यांत गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद ठेवायचं का? बोर्ड कडक भूमिका घेईना, म्हणून विरोधकांनी १८४६मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. हे वाचल्यावर मी कितीतरी रात्री नीट झोपले नाही. आजीच्या हातात पाटी आली, त्यामागे मिशनचा पैसा होता, आणि त्या पैशाचा काही भाग कोणाच्या पाठीवरच्या वळांतून आला असेल. मी मिशनचे उपकार विसरले नाही, विसरणारही नाही. पण आता उपासनेत आभाराची प्रार्थना करताना त्या अनोळखी माणसांसाठीही थांबते.

“दुसऱ्यांचं भांडण” म्हणणाऱ्या जावईबापूंना एवढं सांग. १९२३मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. १९४६पासून भारतातून वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोनच महिन्यांनी. लाठ्या कुत्रे आणि तुरुंग कृष्णवर्णीयांनी सोसले, आणि त्या वाऱ्याने उघडलेल्या दारातून आपण आत आलो.

आणि आपल्या मंडळीतलंही सोबत आण. नगरला ख्रिस्ती घरांत लग्न ठरवताना “मूळचे कोण?” हा प्रश्न अजून विचारतात. बाप्तिस्म्याने तो पुसला गेला नाही. हे सांगशील तर गोऱ्या लोकांना धीर येतो, कारण त्यांनाही वाटत असतं की चर्चमध्ये असलं काही नसतं.

जमलं तर गट सुरू होण्याआधी एका शनिवारी सिक्स्थ स्ट्रीटवरच्या मदर बेथेल चर्चला जाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड अ‍ॅलन, अ‍ॅब्सलम जोन्स आणि त्यांचे कृष्णवर्णीय सोबती सेंट जॉर्जेस चर्चमध्ये गुडघ्यांवर प्रार्थना करत असताना तिथले गोरे कारभारी त्यांना उठवायला आले. जोन्स म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. थांबले नाहीत. ती माणसं बाहेर पडली आणि पुढे त्यांनी स्वतःची चर्चेस उभी केली. अ‍ॅलन यांची कबर मदर बेथेलच्या तळघरात आहे, शेजारी छोटं संग्रहालय.

त्या शिक्षिका बैठकीत नेहमी दाराकडे तोंड करून बसत. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी चार्ल्स्टनचं नाव घेतलं. १७ जून २०१५, तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमधला बुधवारचा शास्त्राभ्यास, आलेल्या अनोळखी गोऱ्या तरुणाला तिथल्या लोकांनी शेजारी बसवून घेतलं, आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. तरी या शिक्षिका प्रत्येक बैठकीला येत होत्या. या वर्षीही येणार आहेत. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलंय. त्या विचारत होत्या, तिला आमच्या दोघींच्या मधली खुर्ची चालेल का?