अहवाल ‘मर्यादेत’ आहे, मग मासळी मेली कशाने?

प्रश्न : खाडीत मासेमारी करणाऱ्यांच्या नोंदणीकृत सहकारी संस्थेचा मी सचिव आहे. वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी एका नाल्यावाटे खाडीत उतरते. गेली सहा-सात वर्षे जाळ्यात अंगावर चट्टे पडलेली, कल्ले काळवंडलेली मासळी येत आहे. पावणेचार महिन्यांपूर्वी एका पहाटे ओहोटीच्या वेळी बोयी आणि खेकडे मोठ्या संख्येने मरून काठाला लागले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी दोन दिवसांनी आले, पाण्याचे नमुने नेले आणि सर्व घटक ‘मर्यादेत’ असल्याचा अहवाल दिला. आता त्यांतील सर्वांत मोठा कारखाना प्रत्येक सभासदाला मदत म्हणून काही रक्कम देऊ करतो. मात्र ‘यापूर्वीच्या किंवा यापुढील नुकसानीबाबत आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सह्या मागतो. शहराचे गटारही याच खाडीत येते, त्यामुळे दोष आमचा एकट्याचा नाही, असेही त्याचे म्हणणे आहे. सह्या कराव्यात का? अहवाल विरुद्ध असताना दावा टिकेल का?

उत्तर : या मजकुरावर सह्या करू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे, न्यायालयात दाद मागण्यापासून एखाद्याला पूर्णपणे रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, त्यामुळे ‘यापुढील’ हा शब्द आपल्याला फारसा बांधणार नाही. ‘यापूर्वीच्या’ या शब्दाचे तसे नाही. मोबदला घेऊन झालेल्या नुकसानीचा हक्क सोडून देणे हा वैध व्यवहार आहे, आणि ज्या पहाटेसाठी आपण भांडू पाहता ती पहाट याच शब्दात अडकते. कारखान्याला खरोखरच मदत करायची असेल तर ती ‘अंतिम भरपाईतून वळती करण्याच्या अटीवर, हक्कांना बाध न येता’ स्वीकारता येईल. तसा मजकूर आपणच लिहून पाठवा आणि काय उत्तर येते ते पाहा. अशी रक्कम घेतलीच तर ती पुढे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर सांगावी लागते, हेही सभासदांना आधीच समजावून द्या.

आता मुदतीविषयी. आपल्या पत्रातील ‘गेली सहा-सात वर्षे’ हे तीन शब्द मला सर्वांत जास्त खटकले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० प्रमाणे कलम १४ खालील अर्ज, म्हणजे प्रदूषण थांबवण्यासारख्या मागण्यांचा अर्ज, वादाचे कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत, आणि कलम १५ खालील भरपाईचा व पर्यावरण पूर्ववत करण्याचा अर्ज ५ वर्षांत करावा लागतो. दोन्ही ठिकाणी पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. ‘प्रथम’ हा शब्द कायद्यातलाच आहे. चट्टे सहा-सात वर्षांपासून दिसत आहेत असे आपणच लिहून दिले, तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा उभा करतील. म्हणून अर्जाचा पाया त्या एका पहाटेची घटना हा ठेवावा. ती स्वतंत्र घटना आहे, तिची तारीख निश्चित आहे आणि तिच्यापासून मोजल्यास कलम १४ साठीही आपल्या हाती अजून सुमारे दोन महिने आहेत. जुन्या चट्ट्यांची हकिकत पार्श्वभूमी म्हणून यावी, मागणीचे कारण म्हणून नव्हे. हा शब्दच्छल वाटेल. पण चांगली प्रकरणे याच उंबऱ्यावर अडखळलेली मी पाहिली आहेत.

मंडळाच्या अहवालाकडे वळू. ‘मर्यादेत’ हा शब्द वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कोणत्या मर्यादेत? कायद्यात दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत आणि बहुतेक तक्रारदार त्यांची गल्लत करतात. एक मर्यादा नळीच्या तोंडाशी सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची, दुसरी ते सांडपाणी ज्या पाण्यात मिसळते त्या पाण्याची. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांप्रमाणे सागरी किनारी पाण्यात सोडायच्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात त्याचे माप), लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण ज्या किनारी पाण्यात व्यावसायिक मासेमारी होते त्याच्यासाठी याच नियमांतील निकष बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम असा आहे. नाल्याचे पाणी पहिल्या मापाने उत्तीर्ण आणि खाडी दुसऱ्या मापाने नापास, असे एकाच दिवशी होऊ शकते. अहवालात नमुना कोठून घेतला, किती वाजता, भरती होती की ओहोटी, आणि कोणत्या तक्त्याशी तुलना केली, या चार गोष्टी शोधा. घटनेनंतर दोन दिवसांनी, कदाचित भरतीच्या पाण्यात घेतलेला नमुना त्या पहाटेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण तोवर तीन-चार भरत्या येऊन गेलेल्या असतात.

याच मानकांमध्ये एक चाचणी आहे, जिची मागणी तक्रारदारांकडून क्वचितच होते. न मिसळलेल्या, १०० टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनंतर त्यांतील ९० टक्के जिवंत असले पाहिजेत, अशी ती जैवचाचणी आहे. बीओडी, सामू (पीएच), तेलाचा अंश हे सारे आकडे बरोबर असूनही या चाचणीत सांडपाणी नापास होऊ शकते, कारण यंत्राने न मोजलेले रसायनही माशाचा कल्ला ओळखतो. मंडळाने कारखान्यांना सांडपाणी सोडण्यासाठी दिलेल्या संमतीपत्रात ही अट आहे का आणि असल्यास ती चाचणी गेल्या दोन वर्षांत किती वेळा केली, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. संमतीपत्रांच्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहायला मिळण्याची तरतूद जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २५ मध्ये स्वतंत्रपणे आहे. त्यासाठी माहिती अधिकाराच्या ३० दिवसांची वाट पाहण्याचेही कारण नाही.

दावा टिकेल का, याचे उत्तर कायद्यापेक्षा आपल्या पुराव्यावर अवलंबून आहे. कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने आहे. १९९६ च्या वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ आणि सावधगिरीचे तत्त्व ही आपल्या कायद्याचाच भाग मानली आणि आपले कृत्य पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचा भार उद्योगावर टाकला. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० ने ही तत्त्वे न्यायाधिकरणावर बंधनकारक केली आहेत. (वर्तमानपत्रे त्याला ‘हरित लवाद’ म्हणतात, उभय पक्षांनी नेमलेला लवाद तो नव्हे, दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असलेले ते न्यायपीठ आहे.) परंतु २००४ च्या दीपक नायट्राइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे, की मानके ओलांडली एवढ्यावरून पर्यावरणाची हानी झालीच असे धरता येणार नाही. याचा अर्थ असा, की ‘मर्यादेत’ हा अहवाल जसा कारखान्याला पूर्णपणे सोडवत नाही, तसा ‘मर्यादेबाहेर’ हा अहवालही आपल्याला आपोआप भरपाई मिळवून देत नाही. नळीचे तोंड आणि माशाचा कल्ला यांच्यामधला दुवा आपल्यालाच जोडून दाखवायचा आहे.

तो दुवा कसा जोडावा, हे थोडे सविस्तर लिहितो. एका जुन्या प्रकरणात माझे अशील मेलेले मासे आठ दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून मोठ्या विश्वासाने घेऊन आले होते. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी कल्ल्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि बाजूला ठेवला, कारण गोठताना झालेल्या बर्फाच्या कणांनी पेशी फाटलेल्या होत्या आणि विषाने काय केले व बर्फाने काय केले हे सांगता येत नव्हते. ऊतींच्या तपासणीसाठी मासा मरणासन्न किंवा नुकताच मेलेला हवा, त्याचे कल्ले लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवेत. रासायनिक अंशांच्या तपासणीसाठी दुसरा मासा वेगळा, बर्फात. पाण्यातील ऑक्सिजन तर बाटलीत भरून नेल्यावर बदलतो, म्हणून तो जागेवर मोजावा लागतो किंवा जागेवरच रसायन टाकून स्थिर करावा लागतो. पहाटे ऑक्सिजन तसाही सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळ तो वापरत असतात. ‘हे नैसर्गिक आहे’ असा बचाव येणार तो इथूनच. त्याला उत्तर म्हणून नाल्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि खाली, अशा तीन ठिकाणी, एकाच ओहोटीत, घड्याळाच्या वेळेसह केलेल्या नोंदी उपयोगी पडतात. वरच्या बाजूला मासे जिवंत आणि तोंडापासून खाली मेलेले असतील, तर शेवाळाचा बचाव लंगडा पडतो.

अमोनियाविषयी एक गोष्ट तज्ज्ञाकडून अवश्य वदवून घ्या. अमोनियाचा जो भाग माशाला मारतो तो, म्हणजे मुक्त अमोनिया, पाण्याचा सामू आणि तापमान वाढले की वाढतो. त्यामुळे एकूण अमोनियाचा आकडा तोच असताना सकाळच्या थंड पाण्यात मासे तरतात आणि दुपारी तडफडतात. अहवालात सामू आणि तापमान दिले नसेल तर अमोनियाच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. चट्ट्यांबाबत मात्र मी आशा दाखवणार नाही. असे व्रण बहुधा जिवाणूंमुळे होतात. दूषित पाण्याने माशाची प्रतिकारशक्ती खचली म्हणून त्या जिवाणूंचे फावले, एवढेच तज्ज्ञ सांगू शकेल, अमुक रसायनाने अमुक चट्टा पडला असे प्रामाणिक तज्ज्ञ सांगणार नाही.

त्या पहाटेचे मासे आपल्याकडे जपलेले नसतील, असे धरून चालतो. तरीही तलाठ्यांनी किंवा मत्स्यव्यवसाय विभागाने पंचनामा केला असल्यास त्याची प्रमाणित प्रत घ्या. मोबाइलवरील छायाचित्रे मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र त्यावरून तयार होते; न्यायाधिकरण पुराव्याच्या नियमांनी काटेकोरपणे बांधलेले नसले तरी हा आक्षेप आधीच संपवलेला बरा. त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता जोडा. आणि पुढच्या वेळी मंडळाला नमुना घ्यायला लावताना तो जल कायद्याच्या कलम २१ च्या पद्धतीने, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, मोहोरबंद घेतला जात आहे ना हे पाहा. तसे न झाल्यास तोच नमुना पुढे न्यायालयात निरुपयोगी ठरतो, मग आकडे कितीही वाईट असोत.

गटाराचा मुद्दा कारखाना हुकमी पत्ता समजतो, पण कायद्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नुकसान एकाच कृतीला चिकटवता येत नसेल आणि ते अनेक कृतींचा एकत्रित परिणाम असेल, तर न्यायाधिकरण जबाबदारी न्याय्य प्रमाणात वाटून देऊ शकते. म्हणून नाल्यावरील सर्व कारखाने, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असल्यास ते, नगरपालिका आणि मंडळ या सर्वांना प्रतिवादी करा. एकालाच धरल्यास तो गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवत राहील.

अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे करायचा. संस्था प्रातिनिधिक म्हणून अर्जदार होऊ शकते. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्धचा अर्जही मच्छीमार समाजाच्या संघटनेनेच केला होता. उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा २०१५ चा आदेश याच पीठाचा. तो भराव आणि बंद झालेल्या भरतीच्या वाटांसंबंधी होता, रासायनिक सांडपाण्यासंबंधी नव्हे, आणि त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले; म्हणून त्याचा आधार उपजीविकेची हानी भरपाईयोग्य आहे एवढ्यापुरताच घ्यावा. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जलचरांची हानी आणि व्यवसाय वा रोजगाराची हानी ही स्वतंत्र शीर्षके आहेत, त्यामुळे मासळी विकणाऱ्या स्त्रियांनीही आपली मागणी वेगळी मांडावी. त्यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधिसाहाय्य मिळते.

हिशेब करताना हात आखडता ठेवा. मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का शुल्क भरावे लागते (दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना ते माफ आहे), म्हणजे एक कोटी मागितले तर एक लाख. शिवाय समुद्रातील मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ती ज्या सभासदांना लागू आहे त्यांचे ते दिवस वजा करा, नाहीतर उलटतपासणीत एका सभासदाच्या फुगवलेल्या आकड्यामुळे साऱ्यांचे आकडे संशयात येतात. संस्थेच्या वजनकाट्याची घटनेआधीची आणि नंतरची नोंदवही हा आपला सर्वांत भक्कम कागद आहे.

दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावू नका, हरित न्यायाधिकरण कायद्याचे कलम २९ तिथे आड येते. फौजदारी तक्रारीचा आग्रहही मी धरणार नाही. २०२३ आणि २०२४ च्या दुरुस्त्यांनी पर्यावरणाच्या कायद्यांचा रोख तुरुंगाऐवजी आर्थिक दंडाकडे वळवला आहे आणि त्या दंडातून सभासदांच्या हाती काही येत नाही.

आधी सर्वसाधारण सभा बोलवा. अर्ज करण्याचा ठराव आणि प्रत्येक सभासदाचे वेगळे अधिकारपत्र घ्या, कारण सचिव म्हणून आपली एक सही सभासदांच्या वैयक्तिक भरपाईला पुरत नाही. तोच नियम कारखान्याच्या कागदालाही लागू आहे. म्हणून सभेआधी कोणी परस्पर सही केली असल्यास त्याचे नाव, तारीख आणि मिळालेली रक्कम इतिवृत्तात लिहून ठेवा.