परड्यात बसायची जागा करायचीय, फरशी कुठली घालू?

प्रश्न : घर कोल्हापुरात राजारामपुरीत, मागं १५ बाय २० फुटांचं परडं नुसतं पडून आहे. पोरं, सासूबाई, आम्ही सगळे संध्याकाळी बसू अशी जागा करायचीय. मिस्त्री म्हणतो सगळं काँक्रीट करून टाका. करू का?

उत्तर : ताई, मिस्त्रीचं तेवढं ऐकू नका! सगळं काँक्रीट केलं की पाणी मुरायला जागाच राहत नाही, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा झोडपतो हे मी तुम्हाला काय सांगायचं. शिवाय उन्हाळ्यात ते तापतं ते रात्रीपर्यंत गार होत नाही. १० बाय १० एवढ्याच जागेत फरशी घाला, बाकी माती राहू दे. शहाबादी घ्या पण खडबडीत, पॉलिशवाली ओली झाली की सासूबाई घसरल्याच म्हणून समजा. उतार घराच्या उलट्या बाजूला, १० फुटाला दीडेक इंच, हे फरशी बसवायच्या आधीच पाणी ओतून बघा, नंतर भांडून उपयोग नाही.

दुपारचं ऊन पश्चिमेचं आणि पावसाची झड पण तिकडूनच, म्हणून त्या बाजूला वेलाची जाळी नाहीतर बांबूची चटई लावा. वर पत्र्याचं छप्पर केलंत तर झोपाळा त्याच्या पाइपला टांगू नका, झोपाळ्याला वेगळा भक्कम सांगाडा पाहिजे. कुंड्यांखालच्या ताटल्यातलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता, नाहीतर डास तुम्हाला बसू देणार नाहीत. आणि कोपऱ्यात एक चूल ठेवा हो, रविवारी पांढरा रस्सा तिथंच होऊ दे.