शोधनिबंध हवेत, पण तासिका कोण कमी करणार?

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राची सहायक प्राध्यापिका आहे. विभागातील रिक्त जागांच्या तासिकाही माझ्याच वाट्याला येतात. वर नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) कागदपत्रे आणि परीक्षेची कामे आहेतच. यंदा संस्थेने प्रत्येकाकडून वर्षाला दोन शोधनिबंध मागितले आहेत आणि काही सहकारी पैसे भरून आठवडाभरात निबंध छापून घेत आहेत. मी काय करावे?

उत्तर : पैसे भरून छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी महाविद्यालयांवरच आली आहे, आणि असा निबंध पुढे बढतीच्या छाननीत अडचणीचा ठरू शकतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा आहे. त्याहून जास्त तासिका घेत असाल, तर प्राचार्यांना वेळापत्रकाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि संशोधनासाठी निधी मागण्याआधी आठवड्यातील एक मोकळी दुपार मागावी. संख्या मागायची आणि तासिका मात्र तशाच ठेवायच्या, हा संस्थांचा व्यवहार आम्हाला अप्रामाणिक वाटतो.

विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, आपल्या दाराशी आहे. पाण्याचे काठिण्य मोजण्यासाठी ईडीटीए या रसायनाचे आणि क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन (टायट्रेशन) बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत होतेच. त्याला विद्युतवाहकता मोजणाऱ्या, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या, साध्या मीटरची जोड दिली, की आपापल्या गावच्या विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी आणणारे विद्यार्थीच आपले मनुष्यबळ ठरतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास २०००. आपले आकडे याच कसोटीवर मांडता येतील. तेच स्रोत मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, अशी दोन-तीन वर्षे सलग तपासल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदींशी तुलनाही शक्य होईल.

संदर्भासाठी १ जानेवारी २०२५ पासूनच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या संशोधन-नियतकालिके वाचायला देणाऱ्या केंद्राच्या योजनेत राज्य विद्यापीठे आहेत; विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. जुने प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-भांडारात विनामूल्य वाचता येतात.

पहिला निबंध यायला वेळ लागेल, हे संस्थेला आताच लेखी कळवावे. नमुना घेताना विहिरीचे अक्षांश-रेखांश आणि पाण्याची पातळी जागेवरच वहीत लिहावी. ती पातळी पुन्हा मोजता येत नाही.