गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हवर एकच फोल्डर आपोआप सारखं कसं ठेवायचं?
निपाणीच्या दुकानाच्या बिलांचं फोल्डर दोन्हीकडं सारखं ठेवायचंय ना, मग आरक्लोन (rclone) हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि त्यातली बायसिंक (bisync) कमांड, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकमेकांत नेणारी, विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून द्या, दर अर्ध्या तासाला चालली तरी बास. मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका ऑफिसचं फोल्डर असंच चालवतोय, फाइलींची नावं मराठी-कन्नड मिसळून आहेत तरी काही अडत नाही. बायसिंक पहिल्यांदा चालवताना रीसिंक (--resync) ऑप्शन, म्हणजे दोन्हीकडची पहिली जुळणी करणारा, द्यावाच लागतो, नंतर रोज देऊ नका. आणि नुसती सिंक कमांड चुकूनही वापरू नका, ती एकाच बाजूनं चालते, दुसरीकडं जास्तीच्या फाइली असतील तर त्या सरळ उडवते, आणि बायसिंक चालवायच्या आधी पण ड्राय-रन (--dry-run, म्हणजे खरोखर काही न बदलता नुसती चाचणी) करून काय काय बदलणार ते नीट बघा. एक आहे, सगळा डेटा तुमच्या पीसीमधूनच जातो, त्यामुळं लाइट गेली, पीसी बंद पडला की सिंक पण थांबतं. जागेचं पण बघा, गूगलचे फुकटचे १५ जीबी असले तरी वनड्राइव्हचे ५ जीबीच आहेत, म्हणजे फोल्डर ५ च्या आतच ठेवायला लागतंय.