ड्रॅगन, यती, क्रॅकन: दंतकथांमधले अजस्र प्राणी विज्ञानाच्या दृष्टीने खरे असू शकतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ड्रॅगन, यती, नेसी (स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरात असल्याचं सांगितला जाणारा प्राणी), क्रॅकन असे प्राणी निसर्गाच्या नियमांत बसतात का? आणि समुद्राचा एवढा मोठा भाग अजून कोणी पाहिलेलाच नाही, तर 'असा प्राणी नाही' हे छातीठोकपणे कसं सांगता येईल? मी प्राणिशास्त्र शिकलो आहे आणि या विषयाचं वेड मला शाळेपासून आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

यातले काही प्राणी शक्यच नाहीत, काहींसारखे प्राणी फार पूर्वी होऊन गेले, आणि एक तर खराच निघाला. कोण कुठे बसतो हे ठरवताना मी त्या प्राण्याकडे त्याच्या संसाराचा हिशेब मागतो. स्वतःचं वजन पेलतं का, खातो काय, पिल्लं आणि भाऊबंद कुठे आहेत, मेल्यावर मागे काय उरतं. प्राणी कितीही अद्भुत असला तरी या हिशेबातून त्याची सुटका नाही.

डोंगराएवढ्या राक्षसाला पहिल्याच प्रश्नात गणित आडवं येतं. १.७ मीटर उंचीचा, ७० किलोंचा माणूस घ्या आणि त्याला सगळ्या बाजूंनी दहापट मोठा करा. उंची १७ मीटर झाली. पण तो लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढला, म्हणून वजन हजारपट, म्हणजे ७० टन झालं. हे वजन पेलणाऱ्या हाडाचा छेद मात्र शंभरपटच वाढला. म्हणजे मांडीच्या हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता दहापट भार आला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये हेच गणित मांडलं होतं. माणसाचं मांडीचं हाड साधारण दहापट भाराला मोडतं, त्यामुळे असा राक्षस पाऊल टाकताच मांडी मोडून पडेल. मूळ विचार गॅलिलिओचा, १६३८ मधला. आता ७० टनांच्या आसपासचे प्राणी पृथ्वीवर झालेच नाहीत असं नाही, अर्जेंटिनोसॉरस हा डायनासोर तसा होता. पण त्याचे पाय म्हणजे शरीराच्या थेट खाली रोवलेले चार खांब, आणि मणक्यांमध्ये हवेच्या पोकळ्या. एवढं मोठं व्हायचं तर अंगाची ठेवणच बदलावी लागते.

घराएवढे किडेही बाद. कीटक अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांमधून श्वास घेतात आणि मोठ्या देहात त्या नळ्यांनी पुरेसा ऑक्सिजन आतवर पोचत नाही. ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हासुद्धा चतुरासारख्या दिसणाऱ्या मेगान्युराच्या पंखांचा पसारा ७० सेंटिमीटरपर्यंतच गेला.

ड्रॅगनची गोष्ट मला जास्त आवडते, कारण त्याचे तुकडे तुकडे निसर्गात खरंच सापडतात. चार पाय आणि वर दोन पंख ही रचना मात्र जमत नाही. कणा असलेल्या प्राण्यांत हातापायांच्या दोनच जोड्या असतात, आणि पक्ष्याचा किंवा वटवाघळाचा पंख म्हणजे बदललेला हातच. दोन पाय आणि दोन पंख असा ड्रॅगन मागितलात तर तो होऊन गेला आहे. क्वेत्झालकोआट्लस नावाच्या उडत्या सरीसृपाच्या पंखांचा पसारा दहा मीटरच्या घरात होता आणि वजनाचा अंदाज दोनशे-अडीचशे किलोंचा आहे. हत्तीच्या वजनाचा ड्रॅगन मात्र हवेत उठणार नाही. आगीच्या जवळपास जाणारा प्राणीही आहे, बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा. त्याच्या पोटाच्या टोकाशी एका पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेलं असतं. मुंगीने पाय पकडला की तो हे मिश्रण शेजारच्या जाड भिंतीच्या कप्प्यात सोडतो, तिथल्या विकरांमुळे ते क्षणात जवळपास १०० अंशांपर्यंत तापतं आणि 'फट्' असा आवाज करत उकळता फवारा नेमका त्या मुंगीवर जातो. एका मुंगीएवढ्या शत्रूसाठी केवढी ही तजवीज! ज्वाळा मात्र कुठल्याही प्राण्याच्या तोंडातून निघाल्याची नोंद नाही.

अजस्र सर्पाला माझ्याकडून पूर्ण गुण. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीतून निघालेला टायटनोबोआ सुमारे १३ मीटर लांब आणि टनभर वजनाचा होता. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या २७ मणक्यांवरून २०२४ मध्ये एका सापाचं वर्णन प्रसिद्ध झालं. अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर, काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि नाव ठेवलं 'वासुकी इंडिकस'. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता क्रॅकन. जहाजाला विळखा घालणारा हा बहुभुज प्राणी शतकानुशतकं उत्तरेकडच्या खलाशांच्या तोंडी होता आणि विद्वान तो हसण्यावारी नेत. १८५७ मध्ये डेन्मार्कच्या यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी किनाऱ्याला लागलेल्या अवशेषांवरून 'आर्किट्यूथिस', म्हणजे महाकाय स्क्विड (माकूळ), असं नाव देऊन टाकलं. तरीही १८६१ मध्ये 'अलेक्तों' या फ्रेंच जहाजाला टेनेरीफजवळ असा स्क्विड भेटला, खलाशांनी त्याचा शेपटाकडचा तुकडा आणला, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांच्यावर अविश्वासच दाखवला गेला. खलाशी फुगवून सांगत होते हे खरं, पण मुळात प्राणी होता! त्याचे जिवंतपणीचे, त्याच्या घरातले पहिले फोटो मिळायला २००४ उजाडलं. जपानच्या त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोल आमिष आणि कॅमेरा सोडला. स्क्विडचा लांब शुंडक गळात अडकला, चार तासांहून जास्त झटापट करून तो सुटला आणि साडेपाच मीटरचा तुकडा मागे राहिला. तो डेकवर ओढला तेव्हाही त्यावरचे चोषक डेकला आणि पुढे केलेल्या बोटांना पुन्हापुन्हा चिकटत होते. दंतकथेतला प्राणी बोट धरतोय, याहून वेगळा पुरावा काय हवा!

पण क्रॅकन खरा निघाला म्हणून नेसीही निघेल, ही उडी मला मान्य नाही. क्रॅकनच्या खुणा आधीपासून पडत होत्या. किनाऱ्यावर कलेवरं लागत, स्पर्म व्हेलच्या पोटात स्क्विडच्या चोची मिळत. लॉक नेसमध्ये तसं काहीच मिळत नाही. हे सरोवर सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे, पण साधारण दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बर्फच होता, आणि ज्या प्लेसिओसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचं, नाव घेतलं जातं ते संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. शिवाय तो फुप्फुसांनी श्वास घेणारा. एक प्राणी इतका काळ जगत नाही, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालणारा कळप हवा, आणि कळप दिवसातून कितीतरी वेळा पाण्यावर तोंड काढेल. १९३४ चा तो प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे १९९४ मध्ये उघड झालं. २०१८ मध्ये नील गेमेल यांच्या गटाने सरोवरातल्या पाण्याचे अडीचशेच्या आसपास नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. माणसांचा मिळाला, हरणांचा, गुरांचा मिळाला, ईल माशांचा तर भरपूर. सरपटणाऱ्या प्राण्याचा अजिबात नाही. जिथे काठावरच्या गुरांचाही डीएनए पाण्यात सापडतो, तिथे आतला कळप कसा सुटेल?

यतीचंही तसंच. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले केस, कातडी, हाड, दात असे नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. तरी मोठा वानर ही कल्पना अगदीच हवेतली नाही. १९३५ मध्ये जर्मन-डच संशोधक फॉन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगमधल्या औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकायला ठेवलेल्या दातांमध्ये एक अवाढव्य दाढ दिसली. ती जायगँटोपिथेकस या प्रचंड वानराची होती. तो संपून दोन लाखांहून जास्त वर्षं झाली, आणि आजवर त्याचे फक्त दात आणि काही जबडे मिळाले आहेत. पण तो होता.

असे अवशेषच पुष्कळदा कथेला जन्म देत असावेत. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर बुटक्या हत्तींच्या कवट्या सापडतात. त्यांत मधोमध मोठं भोक दिसतं, ते सोंडेचं. ज्याने हत्ती कधी पाहिलाच नाही त्याला तो एकच डोळा वाटावा, आणि त्यातून एकाक्ष राक्षस उभा राहिला असावा, असं काही अभ्यासक मानतात. सिद्ध झालेलं नाही, पण मला ते पटतं. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टमध्ये तर ड्रॅगनच्या पुतळ्याचं डोकं लोकरी गेंड्याच्या कवटीवरून घडवलं आहे.

आता तुमचा समुद्राचा मुद्दा. तो योग्य आहे, पण त्याला मर्यादा आहे. हवेतून श्वास घेणारा प्राणी वर येणारच, म्हणून दंतकथांमधला सागरी महासर्प लपू शकत नाही. मेगालोडॉन हा नामशेष झालेला महाकाय शार्क उबदार, उथळ पाण्यातला आणि हजारोंनी दात गाळणारा. तो असता तर ताजे दात मिळाले असते. लपायला जागा आहे ती कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या, खोल पाण्यातल्या प्राण्यांना. तोवर फक्त जीवाश्मांवरून माहीत असलेला, १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला सीलाकांथ मासा तसाच, आणि १९७६ मध्ये हवाईजवळ एका नौकेच्या सागरी नांगरात अडकलेला, तोवर कोणालाच माहीत नसलेला साडेचार मीटरचा मेगामाउथ शार्कही.

म्हणून मला विचाराल तर मी आणखी एका स्क्विडकडे बोट दाखवीन. स्पर्म व्हेलच्या पोटातल्या भुजांवरून १९२५ मध्ये कलॉसल स्क्विडचं वर्णन झालं. २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात एक पकडला गेला, वजन ४९५ किलो. खोल पाण्यात तो जिवंत दिसला मार्च २०२५ मध्ये, दक्षिण सँडविच बेटांजवळ ६०० मीटरवर, आणि तेही ३० सेंटिमीटरचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू. त्या पिल्लाच्या आईबापांना त्यांच्या घरी अजून कोणीही पाहिलेलं नाही.